निब्लिक कशी चालवावी

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून राग बंद. कायमचा. सिगारेट सोडली तसा. सिगारेट मी चार वेळा सोडली आहे, त्यामुळे सोडण्याचा अनुभव दांडगा आहे.

कालची हकिकत लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी तिखटमीठ लावायला नको. दुपारी गोल्फ क्लबचं बुलेटिन आलं. त्यात दातवाल्याचा लेख. दातवाला म्हणजे आमच्या क्लबातला डेंटिस्ट. आवाज मऊ, हात मऊ, सगळाच माणूस साबणासारखा. लेखाचा विषय निब्लिक. त्यात म्हटलंय, निब्लिक ही हलक्या हाताने चालवायची स्टिक आहे, पण आपल्यातल्या काही सभासदांना ती घण वाटते. काही सभासद म्हणजे कोण? गेली अकरा वर्षं क्लबात निब्लिकबद्दल बोलणारा माणूस एकच आहे.

बुलेटिन मी भिरकावलं. त्यावर काचेचा पेपरवेट होता, तोही हातात आला. समोर शोकेस होती. शोकेसमध्ये हिने तेवीस वर्षं एकेक करून जमवलेल्या चिनी मातीच्या बश्या होत्या. होत्या.

हिने झाडू आणला. काचा गोळा केल्या, बॅग भरली आणि भावाकडे निघून गेली. जाताना एकच अट घातली. म्हणाली, तीस दिवस या घरात काही फुटलं नाही, तुटलं नाही, आपटलं नाही असं पोरीनं मला सांगितलं, तर मी परत येईन. तुम्ही सांगून चालणार नाही. पोरीनं सांगायला हवं.

पोरगी आमची एकुलती एक. चोवीस वर्षांची, लायब्ररीत नोकरीला. खोटं बोलत नाही. हा गुण घरात कुठून शिरला कळत नाही.

१ एप्रिलला तीस दिवस पूर्ण. किरकोळ काम आहे.

४ मार्च, मंगळवार. संध्याकाळी

निब्लिक म्हणजे काय, ते इथे नीट नोंदवून ठेवतो, कारण हल्ली कोणीही लेख लिहितं. निब्लिक म्हणजे जुन्या काळची, लाकडी दांड्याची, लोखंडी डोक्याची गोल्फ स्टिक. दांडा आखूड, डोकं जड, तोंड आभाळाकडे कललेलं. पुढे स्टिकांना नंबर द्यायची पद्धत आली, हिचं काम नऊ नंबरच्या आयर्नकडे गेलं आणि नाव मागे पडलं. चेंडू वाळूत रुतला, चिखलात बसला, चाकोरीत अडकला, थोडक्यात बाकीच्या स्टिकांनी हात टेकले, की निब्लिक बाहेर काढायची. इथपर्यंत माझं आणि दातवाल्याचं एकमत आहे.

पुढे त्याची गाडी घसरते. अडकलेली वस्तू बाहेर कशी निघते? जोर लावून. यात लेख लिहिण्यासारखं काय आहे?

माझ्याकडे अस्सल निब्लिक आहे. भंगारवाल्याकडे लोखंडी पलंगाखाली सापडली होती. दातवाल्याकडेही एक आहे, पण ती त्याने पॉलिश केली आहे.

त्याला फोन करून आव्हान दिलं. ३० तारखेला, रविवारी, क्लबात जुन्या स्टिकांची मॅच आहे. त्या दिवशी नवव्या होलच्या बंकरमधून, म्हणजे ग्रीनच्या हिरवळीशेजारच्या त्या कंबरभर खोल वाळूच्या खड्ड्यातून, दोघांनी निब्लिकने दहा-दहा चेंडू काढायचे. ज्याचे जास्त बाहेर, त्याचं म्हणणं खरं. हरणाऱ्याने बुलेटिनमध्ये जाहीर माफी मागायची. तो म्हणाला, बरं, मजा येईल.

मजा! मी फोन शांतपणे ठेवला. फोनचा कोपरा बहुतेक आधीच उडालेला होता.

दिवस दुसरा. फुटतूट शून्य.

५ मार्च, बुधवार

बागेत प्रॅक्टिस. तीन कुंड्या गेल्या. कुंड्या घराबाहेर होत्या. हिची अट 'या घरात' अशी आहे. पोरीला तसं समजावून सांगितलं. तिने वहीत काहीतरी लिहिलं. कसली वही विचारलं, तर म्हणाली, आईनं दिलीय.

७ मार्च, शुक्रवार. ऑफिस, लंच टाइम

आमच्या कारखान्यात पुठ्ठ्याचे खोके बनतात. क्वालिटी मी बघतो. आज गिऱ्हाइकाचा माणूस खोके बघायला आला आणि मालाला हात न लावताच म्हणाला, पुठ्ठा पातळ वाटतोय. मी खोका उचलून भिंतीवर मारला. मग दुसरा. मग लाथेने तिसरा, त्यात नमुन्याचा माल भरलेला होता. नमुन्याचा माल म्हणजे नळ. पितळी.

अंगठ्याला प्लास्टर. गिऱ्हाइकाचा माणूस दाराशी चिकटून उभा होता. मी त्याला सांगितलं, ही आमची टेस्ट आहे. साफ खोटंही नव्हतं, आपटून बघायची टेस्ट असतेच. फक्त ती मशीन करतं.

ऑर्डर मिळाली. घाबरून मिळाली, असं पॅकिंगवाले म्हणतात. ते काहीही म्हणतात.

८ मार्च, शनिवार

लंगडत क्लबवर गेलो. पार्किंगमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्री बसतो. सत्तरीचा, स्टिका दुरुस्त करण्यात हयात गेली. निब्लिकचं डोकं दांड्यावर डुगडुगायला लागलंय, ते दाखवलं. त्याने बराच वेळ हातात तोलून पाहिली. मग म्हणाला, साहेब, हे डोकं जड का केलंय माहितीये का? हात हलका राहावा म्हणून. वजन तिच्यात आहे, तुम्ही आणखी कशाला घालताय? तुम्ही फक्त उचला आणि सोडा. चेंडूमागच्या वाळूत उतरवा. वाळूच चेंडूला वर आणते.

मिस्त्रीला दातवाल्याने पढवलेलं दिसतंय. मी विचारलं, तुला किती दिले त्याने? म्हातारा हसला. मी शेडच्या पत्र्यावर एक बुक्की मारली. पत्रा होता म्हणून आवाज फार झाला, नाहीतर बुक्की साधीच होती.

मी निघालो तेव्हा मिस्त्री ओरडून म्हणाला, डोकं पक्कं बसवून घ्या, जोरात मारलंत तर निघेल. कोणाचं, ते विचारायचं राहिलं.

११ मार्च, मंगळवार

क्लबच्या चेंजिंग रूममध्ये दातवाला भेटला. पायाला काय झालं, म्हणून आपुलकीने विचारलं त्याने. ही त्याची पद्धत. मी म्हटलं, तुझा लेख वाचून हसता हसता पडलो. तो म्हणाला, लेखात तुमचं नाव नव्हतं हो. मी म्हटलं, तेच चुकलं. पुढे शब्दाला शब्द वाढला, म्हणजे माझ्या शब्दाला माझाच शब्द वाढला, कारण तो गप्प होता. माणूस गप्प बसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ओला टॉवेल हातात होता, तो त्याच्या मानेवर बसला. त्याने मला मागे ढकललं. हलक्या हाताने! मी लॉकरवर आदळलो. मग मी त्याची कॉलर धरली, त्याने माझे कान धरले, आणि आम्ही दोघे बाकाखाली गेलो. बाकाखालून काढायला चार माणसं लागली.

सेक्रेटरीने दोघांना बोलावलं. दातवाल्याला पाणी दिलं आणि मला लेखी ताकीद दिली. पुन्हा कोणाच्या अंगावर गेलात तर सभासदत्व रद्द.

क्लब म्हणजे घर नव्हे. दिवस नववा, फुटतूट शून्य.

१३ मार्च, गुरुवार. सकाळी

हिचा फोन आला. वीस मिनिटं बोललो. आवाज छान वाटला हिचा. मी म्हटलं, मी पार बदललोय. ही म्हणाली, पोरगी सांगेल ते. मग म्हणाली, इथे झोप फार चांगली लागते, आठ-आठ तास, मध्ये दचकून जागही येत नाही.

मेहुण्याकडच्या गाद्या चांगल्या असणार. कुठल्या कंपनीच्या आहेत ते विचारलं पाहिजे. १ एप्रिलच्या आत तशीच एक आणून टाकतो.

१५ मार्च, शनिवार

स्वयंपाकघरातला ड्रॉवर अडकला. आत ओपनर होता आणि मला ओपनर हवा होता. आधी गोंजारला. मग ओढला. मग निब्लिक आणली, कारण अडकलेलं बाहेर काढणं हेच तिचं काम. एका फटक्यात ड्रॉवर मोकळा. शास्त्र सिद्ध.

ड्रॉवरचा पुढचा भाग, दोन कप आणि ओट्याची कड हा त्याचा खर्च. ओपनर वाकला.

पोरगी दारात उभी होती. मी म्हटलं, हे फुटणं नाही, हे उघडणं. तिने वही काढली. मी म्हटलं, अगं, बापाच्या बाजूने थोडं बघ. ती म्हणाली, बाबा, तुमच्याच बाजूने बघून चौदा झालेत. माझ्या हिशेबाने फार तर दोन. वहीतलं मोजमाप कुठल्या नियमाने चाललंय, ते तिने दाखवायला नकार दिला. तरी मी वही हिसकावली नाही. हे कोणी लिहिणार नाही, म्हणून मीच लिहितो.

१८ मार्च, मंगळवार

ऑफिसातल्या टायपिस्ट बाईंनी राग आवरायचा एक व्हिडिओ पाठवला. डोळे मिटा, दहा श्वास मोजा. रोज सकाळी करायचा निश्चय.

१९ मार्च, बुधवार

सातव्या श्वासाला मध्येच जाहिरात लागली. पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या श्वासाला दुसरी जाहिरात. फोन वॉशिंग मशीनमध्ये गेला. मशीन चालू होतं. व्हिडिओत काही दम नाही.

नवा फोन घेतला. पोरीला म्हटलं, हा भिजला, फुटला नाही. ती म्हणाली, भिजणं मी वेगळं लिहिते.

२२ मार्च, शनिवार

भल्या सकाळी नवव्या बंकरमध्ये. कोणी नसताना प्रॅक्टिस केलेली बरी. चाळीस शॉट मारले. दोन्ही हातांनी, खांद्यामागून आणून, दात आवळून. बाहेर आलेले चेंडू शून्य. बाहेर आलेली वाळू सुमारे अर्धी. चाळिसाव्या शॉटला खाली काहीतरी टण्णकन वाजलं आणि पाण्याचं कारंजं उसळलं. बंकरखालून पाइपलाइन गेलीय, हे सभासदांना कळवायला नको?

माळी धावत आला. हातात दाताळं. म्हणाला, अहो, विहीर खणताय का? मी ओलाचिंब होतो, मला ते लागलं. मी दाताळं धरलं, त्यानेही धरलं. तो ओढतोय, मी ओढतोय, पायाखाली चिखल. दोघेही पडलो, मी खाली, तो वर. प्लास्टर विरघळलं. मी त्याच्या खांद्याला चावलो असं तो सेक्रेटरीला सांगतोय. तोंड उघडं होतं आणि खांदा तिथे होता, एवढंच.

सेक्रेटरी म्हणाला, रविवारची मॅच होऊ द्या, मग कमिटी बघेल. घाबरला असावा.

२६ मार्च, बुधवार

आज एक चेंडू निघाला!

खांदे इतके दुखत होते, की स्टिक वर जाईना. वैतागून नुसती उचलली आणि सोडली. वाळू भसकन उडाली आणि चेंडू अलगद वर येऊन ग्रीनवर बसला. मिस्त्री पलीकडून जात होता. म्हणाला, बघा, ही खरी निब्लिक.

त्याचं अज्ञान मी दूर केलं. आधीच्या शंभर फटक्यांनी वाळू मोकळी झाली, म्हणून हा निघाला. पाया मी घातला आणि श्रेय या एका मरतुकड्या शॉटला? रविवारी एकदम पूर्ण ताकदीने मारायचं. तोवर खांद्यांना विश्रांती आणि शेक.

२८ मार्च, शुक्रवार

हिचा फोन. रविवारी क्लबवर ये म्हणून मीच म्हटलं. लोकांसमोर माझा संयम बघ, मग ठरव.  ही म्हणाली, येते. पोरीची वही नाही बघणार, स्वतःच्या डोळ्यांनी बघते. एकदाच. मी म्हटलं, एकदाच पुरे.

वहीचा प्रश्न मिटला. मला खरंच गदगदून आलं. शोकेसला नवी काच बसवून घेतली. बश्या नाहीत, पण काच आहे. नवी गादीही आली. मी झोपून बघितली, चांगली आहे.

३० मार्च, रविवार. दुपारी ४

एका हाताने लिहितोय. थोडक्यात लिहितो.

ही आली होती, मेहुण्याबरोबर. निळी साडी. पोरगी शेजारी. मी हात हलवला, हिनेही हलवला.

आधी दातवाला. पिसासारखी स्टिक उचलायचा आणि सोडायचा. दहापैकी सात बाहेर. लोक टाळ्या वाजवत होते. हीसुद्धा.

मग मी. पहिला चेंडू आत. दुसरा आत. तिसरा आणखी आत, तो अजून सापडलेला नाही. चौथ्याला कोणीतरी हसलं. मी दहा श्वास मोजायला घेतले, तीनपर्यंत पोचलो. पाचवा, सहावा आत. ही मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, हिला माझी काळजी वाटतेय. म्हणून सातव्याला जेवढं होतं नव्हतं तेवढं लावलं.

निब्लिकचं डोकं निघालं. भुंग्यासारखा आवाज करत लोकांच्या डोक्यावरून गेलं, क्लबहाउसची मोठी काच फोडून आत शिरलं आणि बक्षिसांच्या टेबलावर कप पाडत पाडत थांबलं. माझ्या हातात नुसता दांडा. चेंडू जागच्या जागी.

दातवाला खड्ड्यात उतरला. म्हणाला, लागलं नाही ना तुम्हाला? माझी निब्लिक देऊ का?

यापुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. दांडा मी त्याच्या बॅगेवर मारला. तिथून त्याच्या पायावर. त्याने हात आडवा घातला, दांडा उलटून माझ्याच तोंडावर बसला. पुढचा दात गेला. मी त्याला वाळूत लोळवला, डोक्यावर वाळू ओतली, तो खोकायला लागला तरी ओतत होतो. माळ्याने मागून माझी कंबर धरली. सेक्रेटरी मनगटावर बसला.

शुद्ध आली तेव्हा ही खड्ड्याच्या काठावर उभी होती. रडत नव्हती, रागावली नव्हती. तिने दातवाल्याला विचारलं, तुमच्या डोळ्यांत नाही ना गेली वाळू? मग मेहुण्याला म्हणाली, चल. मेहुणा मला म्हणाला, येतो भावोजी. तो सभ्य आहे.

सभासदत्व रद्द. तिथल्या तिथे, तोंडी.

काच क्लबहाउसची फुटली. घरातली नाही. तरी यावर फार जोर देऊ नये असं वाटतं.

३१ मार्च, सोमवार

दाताची कळ सहन होईना. आज ताबडतोब वेळ देणारा डेंटिस्ट गावात एकच निघाला.

मी खुर्चीत आडवा, तो वर वाकलेला. गालावर ओरखडा, एक डोळा लाल. हातात पकड. मला वाटलं, आता हा सूड घेणार. मी असतो तर घेतला असता. तो म्हणाला, दुखलं तर हात वर करा हं. दाताचा तुकडा खोल रुतला होता. तो जोर लावेना. पकडीचं तेवढं वजन हिरडीवर टेकवलं, थांबला, किंचित हलवली, पुन्हा थांबला. तुकडा आपला आपण वर आला.

दुखलं नाही. मला इतका अपमान कधी वाटला नव्हता.

घरी येताना गाडीत एकटाच रडलो. वजन तिच्यात आहे, आपण आणखी घालायचं नाही. मिस्त्री हेच सांगत होता. अकरा वर्षं निब्लिक माझ्याकडे होती आणि तिचा अर्थ मला आज, तोंडात कापूस असताना कळला. बुलेटिनसाठी माफीनामा लिहून पाठवला. मनापासून लिहिला.

आता सगळं सुरळीत होईल. खोड सापडली म्हणजे दुरुस्ती सोपी. उद्यापासून सगळं हलक्या हाताने. हिला आजच सांगणार होतो, पण फोन उचलत नाही. पोरीतर्फे सांगतो.

१ एप्रिल, मंगळवार. सकाळी ९.३०

पहाटेपासून हलका हात. चहा हळू ओतला. कप हळू ठेवला. पावलं न वाजवता चाललो. वर्तमानपत्राचं पानसुद्धा आवाज न करता उलटलं. साडेतीन तास घरात चिटपाखरूही फडफडलं नाही. असा मी या घरात कधीच वागलो नव्हतो.

आठ वाजता पोरगी खोलीतून बाहेर आली. हातात मोठी बॅग. आईकडे चाललेय म्हणाली, राहायला. मी अजिबात आवाज चढवला नाही. खुर्ची अलगद ओढली आणि अगदी हळू म्हटलं, बस बाळ, मला तुझ्याशी बोलायचंय.

ती बसली नाही. भिंतीला टेकली आणि बॅग पोटाशी धरली. मी एक पाऊल पुढे गेलो. हळूच. तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

मी विचारलं, काय झालं? मी तर किती शांत आहे.

ती डोळे मिटूनच म्हणाली, बाबा, तुम्ही ओरडता ना, तेव्हा कुठे उभं राहायचं ते मला आणि आईला कळतं. तुम्ही हळू बोललात की नाही कळत.

मी बाजूला झालो. ती भिंतीच्या कडेकडेने दारापर्यंत गेली, चप्पल हातातच घेतली आणि जिना उतरली. खाली पोचल्यावर चप्पल घातल्याचा आवाज आला.

दार लावायला गेलो. किती जोराने लावावं ते ठरेना. उघडंच आहे.